हायलंडांतील मृगया आणि तिचें वाङ्मय

मृगया हा काव्याचा फार जुना विषय आहे. शाकुंतलाचा आरंभच पळणाऱ्या हरिणानें होतो. आणि दुसऱ्या अंकांत सेनापति मृगयेचे गुण सांगूं लागतो तेव्हां शरीर हलकें होणें ह्या लाभाबरोबरच भ्यालेल्या व खवळलेल्या प्राण्याचें मन कळणें हाही लाभ तो मोजतो. परंतु दुष्यंत हरिणाच्या मागें लागला आहे तो रथांत बसून. रथाच्या वेगांतून जें सौंदर्य दिसतें तें कालिदासानें अमर करून ठेविलें. मात्र प्राण्याचें मन कळण्याची जी गोष्ट सेनापति बोलतो ती रथांत बसून साधणारी नव्हे. मचाणावर बसून, रान उठविणाऱ्या हाकाऱ्यांच्या जिवावर केलेल्या शिकारींतही ती साधत नाहीं. ती साधते पायांना. जेथें रस्ता नाहीं, वाहन नाहीं, आडोशाला झाडही नाहीं, अशा डोंगरांत माणूस एकट्या दुकट्यानें हरिणाच्या मागें दिवसभर चालतो, तेव्हां त्याला त्या प्राण्याच्या बुद्धीनें विचार करणें भाग पडतें. अशा पायीं केलेल्या मृगयेचें विशेष समृद्ध वाङ्मय स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांत, म्हणजे हायलंडांत, निर्माण झालें आहे. त्याचे गुण कोणते, आणि त्या गुणांच्या आड कोणती उणीव लपून राहिली आहे, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम तो मुलूख आणि ती रीत ह्यांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. उंचीच्या हिशेबानें हायलंडचे डोंगर फारसे मोठे नाहींत. ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर, म्हणजे आमच्या कळसूबाईहून तीनशें मीटरांनीं ठेंगणें. पण तेथील कठीणपणा उंचींत नाहीं. तो दलदलींत, धुक्यांत, अवचित बदलणाऱ्या वाऱ्यांत आणि उघड्याबोडक्या उतारांत आहे. तेथें राहणारें तांबडें हरिण हें आमच्या सांबराचें भाऊबंद. त्याची दृष्टि चांगली, कान त्याहून चांगले आणि नाक सर्वांत तिखट. शिकारी प्रथम दुर्बिणीनें कळप हेरतो. मग वारा कोठून वाहतो तें पाहतो. डोंगराच्या कुशींत वाटीसारख्या खोलगट जागा असतात, त्यांत वारा भोवंडत राहतो आणि माणसाचा वास भलतीकडे नेऊन पोंचवितो. हरिणाला धोक्याची अपेक्षा बहुधा खालून असते, म्हणून मैलमैल वळसा घालून कळपाच्या वरच्या अंगास जावें लागतें. शेवटचा टप्पा ओढ्याच्या पात्रांतून, चिखलांतून, पोटावर सरकत काढावयाचा. आणि इतकें झाल्यावर एखादी म्हातारी मादी मान वर करते व दिवसभराचे कष्ट एका क्षणांत वायां जातात. हरिण मिळालेंच तर तें खालीं आणण्यास पूर्वीं तट्टाखेरीज साधन नसे.

ह्या रीतीचा वाङ्मयावर जो परिणाम झाला तो ध्यानांत घेण्यासारखा आहे. हाक्याच्या शिकारींत गोष्ट सांगण्यासारखा असा क्षण एकच, बंदूक सुटण्याचा. म्हणून त्या शिकारीचीं वर्णनें बढाईकडे झुकतात. पायीं केलेल्या शिकारींत बंदुकीचा क्षण हा दिवसाचा अत्यंत लहान भाग असतो. उरलेला सारा वेळ पाहण्यांत, थांबण्यांत आणि फसण्यांत जातो. अर्थात् लेखकाला बढाईपेक्षां निरीक्षणाचा आश्रय अधिक करावा लागतो, आणि अपयशाची हकीकत सांगितल्याशिवाय त्याची कथाच उभी राहत नाहीं. ह्या वाङ्मयाची प्रतिष्ठा ह्या प्रामाणिकपणावर उभारलेली आहे.

ह्या विषयावरील ज्या ग्रंथानें इंग्रजी वाचकवर्गाला प्रथम मोहिनी घातली तो विल्यम स्क्रोप ह्याचा. तो १८३८ सालीं प्रसिद्ध झाला व त्यांतील चित्रें एडविन आणि चार्ल्स ह्या लँडसीर बंधूंचीं होतीं. स्क्रोप हा विल्टशायरचा जमीनदार. अथोलच्या ड्यूकच्या डोंगरांत घर भाड्यानें घेऊन तो कित्येक वर्षें शिकार करीत होता. पायीं मृगयेचें पद्धतशीर शास्त्र सांगावें आणि तें कथेच्या मिषानें सांगावें, ही त्याची कल्पना. वारा, उतार, प्रकाश, हरिणाच्या संवयी ह्यांविषयींचें त्याचें विवेचन आजही जुनें वाटत नाहीं. पण त्याच्या शैलींत एक सुखवस्तु विनोदीपणा आहे; दिवसभर चिखलांतून सरपटल्यावर संध्याकाळीं आपलीं पाठ्यपुस्तकांतील लॅटिन कविवचनें आठवणाऱ्या सद्गृहस्थाचा तो विनोद आहे. हायलंडचा माणूस ह्या प्रकारच्या ग्रंथांत येतो तो सोबती म्हणून, चोरटा शिकारी म्हणून, किंवा दंतकथा सांगणारा म्हणून. वास्तविक वारा ओळखणारा, कळप हेरणारा, धन्याला हाताशीं धरून नेणारा आणि कधीं गोळी झाडावी हें कुजबुजून सांगणारा तोच. ज्ञान एकाचें आणि गोळी दुसऱ्याची, अशी ही वांटणी आहे. आणि ग्रंथावर नांव नेहमीं गोळी झाडणाराचें पडतें.

१८४६ सालीं आलेलें चार्ल्स सेंट जॉन ह्याचें हायलंडच्या रानटी प्राण्यांविषयींचें पुस्तक आमच्या मतें स्क्रोपच्या ग्रंथाहून सरस आहे. त्यांतील बेनमोरच्या थोरल्या हरिणाची कथा ह्या साऱ्या वाङ्मयाचा नमुना म्हणून दाखवितां येईल. एका नामांकित नराच्या मागें लेखक, त्याचा सोबती डोनल्ड आणि ब्रॅन नांवाचा कुत्रा कित्येक दिवस डोंगरांत हिंडतात. रात्रीं उघड्यावर काढतात, एक रात्र चोरून दारू गाळणाऱ्यांच्या झोपडींत काढतात. शेवटीं गोळी लागते, हरिण पडतें, आणि लेखक बंदूक पुन्हा न भरतां सुरा घेऊन धांवतो. तों मेलेलें समजलेलें जनावर उठून त्याच्यावर चाल करून येतें. कथेचें मर्म ह्या उलटापालटींत आहे. इतके दिवस जो केवळ पाठलागाचा विषय होता तो एका क्षणांत बरोबरीचा प्रतिपक्षी होतो. सेंट जॉन ह्याला ही बरोबरी मनापासून मान्य आहे, म्हणून त्याचें गद्य साधें, डौलावांचूनचें आणि जिवंत आहे. त्याच्या ठिकाणीं पश्चात्तापाचाही एक झरा आहे. सदरलंडमध्यें ऑस्प्रे ह्या दुर्मिळ मासेखाऊ पक्ष्याला मारून त्यानें पुढें त्याबद्दल खेद लिहून ठेविला. बंदूक थांबली नाहीं, परंतु लेखणीनें खोटें बोलण्याचें नाकारलें.

आतां ह्या दोघांच्या आधीं सुमारें पाऊणशें वर्षें त्याच डोंगरांत काय रचलें गेलें होतें तें पाहूं. डंकन बान मॅकिंटायर हा १७२४ सालीं आर्गाइलमधील ग्लेन ऑर्की येथें जन्मला. त्याला लिहितां वाचतां येत नव्हतें. जमीनदारांच्या पदरीं हरिणांचा रखवालदार म्हणून त्यानें तरुणपणाचीं वर्षें डोंगरांत काढलीं, पुढें एडिंबरो शहराच्या पहाऱ्यांत नोकरी धरली, आणि तेथेंच १८१२ सालीं तो वारला. त्याच्या तोंडच्या कविता दुसऱ्यांनीं लिहून घेतल्या व १७६८ सालीं छापल्या गेल्या. त्यांतील बेन डोरन ह्या १०७६ मीटर उंचीच्या डोंगराची स्तुति हें त्याचें श्रेष्ठ काव्य. त्याची रचना हायलंडच्या पुंगीवाद्यावरील अभिजात संगीताच्या धर्तीवर केली आहे: मूळ चाल, तिचे विस्तार, पुन्हा मूळ चाल, आणि शेवटीं द्रुत परिपूर्ति. आमच्याकडील वाचकाला ख्यालाच्या स्थायीची आणि तिच्या विस्ताराची आठवण व्हावी असा हा बांधा आहे. ह्यु मॅकडायर्मिड व इयन क्रिक्टन स्मिथ ह्या दोन कवींनीं त्याचीं इंग्रजी भाषांतरें केलीं. गेलिकमधील नाद त्यांत पुरता उतरणें शक्य नसलें तरी वस्तूचें वैभव लपत नाहीं.

ह्या काव्यांत मृगया आहे, बंदूक आहे, शेवटीं कुत्रीं व पाठलाग आहे. आपल्या बंदुकीवर तर ह्या कवीनें तिला स्त्रीचें नांव देऊन स्वतंत्र गाणें रचलें आहे. म्हणजे तो अहिंसेचा कैवारी नव्हता. परंतु त्याच्या डोंगरांत एकटें हरिण नाहीं. तेथें गवताच्या जाति आहेत, पाण्याचे झरे आहेत, झुडपें आहेत. आणि त्या सर्वांच्या मध्यें हरिणाची मादी आहे, तिचें पाडस आहे, तिचें चरणें, वारा हुंगणें, पळणें आहे. स्क्रोप व त्याच्या अनुयायांचें लक्ष शिंगांकडे असतें. ह्या निरक्षर रखवालदाराचें लक्ष मादीकडे आहे. हा भेद क्षुल्लक नाहीं. १८५१ सालीं लँडसीरनें जें चित्र काढलें त्याला दरीचा सम्राट् असें नांव मिळालें. त्या चित्रांतील शिंगाळ नर पुढें बाटल्यांच्या व डब्यांच्या वेष्टनांवर शेंकडों वेळां छापला गेला, आणि साऱ्या जगाला हायलंडचें हरिण म्हणजे हा सम्राट् असें वाटूं लागलें. परंतु १९३७ सालीं फ्रँक फ्रेझर डार्लिंग ह्या शास्त्रज्ञानें तांबड्या हरिणांच्या कळपावर जो ग्रंथ लिहिला त्यानें हें सिंहासन मोडलें. कळपाचें नेतृत्व नराकडे नसतें, तें एखाद्या जाणत्या मादीकडे असतें, असें त्यानें दाखवून दिलें. जें डंकन बान ह्याच्या डोळ्यांना अठराव्या शतकांत दिसलें होतें, तें पाहण्यास चित्रकाराला व सद्गृहस्थांना इतका अवकाश कां लागला? ज्याला शिंगें भिंतीवर लावावयाचीं असतात तो शिंगेंच पाहतो, हें त्याचें उत्तर आहे.

पण ह्या वाङ्मयाविषयींचा आमचा मुख्य आक्षेप ह्याहून गंभीर आहे. स्क्रोपपासून पुढें जें जें पुस्तक उघडावें त्यांत हायलंड हा निर्जन, अस्पर्श, सृष्टीच्या आरंभापासून तसाच राहिलेला मुलूख म्हणून येतो. हा निर्जनपणाच वाचकाला भुरळ घालतो. परंतु तो सृष्टीनें दिलेला नव्हता. तो माणसांनीं केलेला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांनीं मेंढ्यांच्या कुरणांसाठीं खोरींच्या खोरीं मोकळीं करविलीं. सदरलंडमधील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यांतील कुटुंबें १८१४ व १८१९ सालीं हुसकून लाविलीं गेलीं व त्यांचीं घरें जाळलीं गेलीं. १८७० नंतर लोकर स्वस्त झाली, मेंढ्या परवडेनाशा झाल्या, आणि मग तेच डोंगर हरिणांच्या शिकारीसाठीं धनिकांना भाड्यानें दिले जाऊं लागले. बहुतेक माणसें मेंढ्यांनीं घालविलीं, हरिणांनीं नव्हे, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे; पण गेलेलीं माणसें परत येऊं नयेत ह्याची तजवीज मात्र हरिणांच्या नांवानें झाली. अशा राखलेल्या मुलखाला तेथें मृगारण्य असें म्हणतात, आणि मौज अशी कीं ह्या अरण्यांत बहुधा झाड नसतें. १९१२ च्या सुमारास अशा अरण्यांचा विस्तार सुमारें ३५ लक्ष एकरांवर गेला होता.

रस्ते नसणें ही गोष्टही सर्वस्वीं डोंगराची नव्हती. १८४७ सालीं एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक जॉन हटन बाल्फर हे विद्यार्थ्यांसह ग्लेन टिल्टमधील जुन्या वाटेनें पायीं चालले असतां अथोलच्या ड्यूकच्या माणसांनीं त्यांना अडविलें, कारण हरिणें बुजतील. पुढें न्यायालयानें ती वाट सार्वजनिक ठरविली. ज्या अथोलच्या डोंगरांत स्क्रोपला स्वतःच्या पावलांचें काव्य सुचलें, त्याच डोंगरांत दुसऱ्याच्या पावलांना बंदी होती! आणखी एक उदाहरण पाहावें. विनन्स नांवाच्या अमेरिकन धनिकानें दोन लक्ष एकरांहून अधिक मुलूख भाड्यानें घेतला होता. तो पायीं शिकार करीत नसे, हाके घालवून हरिणें मारीत असे. किंटेलमधील एका गरीब चांभाराचें पाळीव कोंकरूं त्याच्या हद्दींत चरलें म्हणून त्यानें फिर्याद केली, व ती १८८५ सालीं वरिष्ठ न्यायालयांत फेटाळली गेली. एका कोंकराकरितां इतकें रान अपुरें पडावें, ह्यापरता उपहास कोणत्या विनोदी लेखकाला सुचला असता?

येथें कोणी म्हणेल कीं, शिकारीच्या पुस्तकाकडे समाजाच्या इतिहासाची मागणी करणें अरसिकपणाचें आहे. गुलाबाच्या वर्णनांत माळ्याची मजुरी कां विचारावी? हा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड वाटतो. पण लेखकानें सुधारकाचें व्यासपीठ गांठावें अशी आमची मागणी नाहीं. आमचा आरोप कलेच्या दृष्टीनेंच आहे. ह्या वाङ्मयाची सारी प्रतिष्ठा सूक्ष्म निरीक्षणावर आहे. ओल्या शेवाळावर उमटलेल्या खुराच्या ठशावरून जनावर कधीं गेलें हें जो सांगतो, त्याला त्याच उतारावर पडक्या घराचा चौथरा दिसूं नये, जुन्या शेताच्या वरंब्यांवर उगवलेलें हिरवें गवत दिसलें तरी तेथें गवत इतकें हिरवें कां ह्याचा प्रश्न पडूं नये, ही निरीक्षणांतील उणीव आहे. हरिणें त्या हिरव्या तुकड्यांवर चरावयास येतात हें शिकाऱ्याला पक्कें माहीत असतें. तीं तेथें येतात कारण कधीं काळीं माणसानें ती जमीन कसली होती. अर्धा माग काढून थांबणारा शिकारी जसा कच्चा, तसाच अर्धा माग काढून थांबणारा लेखकही कच्चाच म्हणावा लागतो.

डंकन बान ह्यानें हा माग पुरा काढला. १८०२ सालीं, वय अठ्ठ्याहत्तर असतां, तो पुन्हा एकदां बेन डोरनवर गेला आणि डोंगरांचा निरोप घेणारें काव्य त्यानें रचलें. ज्या उतारांवर त्यानें हरिणें राखलीं व मारलीं त्यांवर आतां मेंढ्या होत्या. ओळखीचीं माणसें नव्हतीं. कोल्ह्यांच्या स्तुतीचेंही त्याचें एक गाणें आहे, कारण कोल्हे मेंढ्या खातात! ह्या थट्टेंत जो संताप भरला आहे तो कोणत्याही व्याख्यानांत सांपडणार नाहीं. हा कवि ज्यांचें मीठ खाल्लें त्या जमीनदारांविरुद्ध उठलेला बंडखोर नव्हता. त्यानें जें पाहिलें तें सर्व गाइलें, एवढेंच.

विसाव्या शतकांत ह्या विषयाला खेळकर वळण दिलें तें जॉन बकननें. त्याच्या १९२५ च्या ‘जॉन मॅकनॅब’ ह्या कादंबरींत लंडनमधील तीन प्रतिष्ठित गृहस्थ, एक वकील, एक मंत्री आणि एक पेढीवाला, आयुष्याला कंटाळून टोपणनांवानें जमीनदारांना आव्हान देतात कीं, तुमच्या हद्दींतून चोरून हरिण वा मासा मारून नेऊं. डोंगरावरील पाठलागाचीं प्रकरणें उत्कृष्ट आहेत. वारा, पाऊस, खडक ह्यांची जाण बकनला उत्तम होती. कादंबरी वाचतांना मन रमतें ह्यांत संशय नाहीं. परंतु जो अपराध गरिबाला तुरुंगांत घालीत असे तो येथें श्रीमंताच्या कंटाळ्यावरील औषध होतो, आणि शेवटीं सर्व मंडळी एका पंक्तीला बसतात. मालकी कोणाची हा प्रश्न बकनच्या हाताशीं आला होता. त्यानें त्याची गंमत केली.

तो प्रश्न गंमत न करतां काव्यांत आणला सॉर्ली मॅक्लीन ह्यानें. रासे बेटावरील हॅलॅग हें गांव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओसाड केलें गेलें. त्या नांवाची त्याची गेलिक कविता १९५४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत काळ हाच हरिण झाला आहे. ओसाड गांवाच्या रानांत गेलेल्या पिढ्यांतील मुली झाडांच्या रूपानें चालतात, आणि प्रेमाच्या बंदुकीची गोळी काळरूपी हरिणाला क्षणभर थांबविते. दोनशें वर्षांच्या मृगयावाङ्मयानें ज्या दोन वस्तु एकमेकींपासून दूर ठेविल्या, डोंगरांतील हरिण आणि डोंगरांतून गेलेलीं माणसें, त्या मॅक्लीननें एका प्रतिमेंत आणिल्या. ही कल्पना केवळ चमत्कृति नव्हे. ती त्या भूमीचा खरा इतिहास आहे.

आजची स्थिति पुन्हा निराळी आहे. लांडगा तेथून कधींच नाहींसा झाला. हरिणें फार वाढलीं. तीं कोंवळीं रोपें खाऊन टाकतात म्हणून उजाड डोंगरांवर झाड पुन्हा उभें राहत नाहीं. नर हरिणांच्या शिकारीला असलेली बंदीची मुदत २०२३ सालीं उठविण्यांत आली. पूर्वीं हरिणांसाठीं माणसें अडविलीं जात. आतां झाडांसाठीं हरिणें मारावीं लागतात. दुसरीकडे २००३ च्या कायद्यानें जबाबदारीनें हिंडणाऱ्या प्रत्येकाला तेथील डोंगरांत चालण्याचा हक्क मिळाला. पायीं चालणें हा आतां भाडें भरणाराचा विशेष अधिकार राहिला नाहीं.

ह्या संदर्भांत फ्रेझर डार्लिंग ह्याच्या ग्रंथाकडे पुन्हा एकदां वळावेंसें वाटतें. तो शास्त्रीय ग्रंथ असला तरी मृगयावाङ्मयाचा तो न्याय्य वारस आहे. वेस्टर रॉसच्या डोंगरांत त्यानें शिकाऱ्याचीच सारी विद्या वापरली: वारा धरणें, सरपटणें, तासन् तास निश्चळ पडून राहणें. फक्त गोळी वगळली. कित्येकदां तो अनवाणी हिंडत असे, आणि जमिनीचा स्पर्श झाल्यानें आपलीं इतर इंद्रियेंही तीक्ष्ण झालीं असें त्यानें नमूद केलें आहे. शाकुंतलांतील सेनापतीनें मृगयेचा जो लाभ सांगितला तो ह्या अनवाणी माणसाला मिळाला.

सारांश, मृगयेच्या वाङ्मयाची योग्यता ठरवितांना हिंसा किती आणि करुणा किती हें मोजीत बसण्यांत अर्थ नाहीं. डंकन बाननें हरिणें मारलीं, तरी त्याचें काव्य थोर आहे. ज्यांनीं हरिणाचें उदात्त चित्र काढलें त्यांचें सर्वच चित्रण खरें ठरलें असें नाहीं. कसोटी अशी लावावी कीं, चालणाराच्या पायाखालीं जें जें आलें तें सारें त्याच्या लेखणीला दिसलें काय? ह्या कसोटीला स्क्रोप अपुरा पडतो, सेंट जॉन पुष्कळसा उतरतो, बकन मुद्दाम टाळाटाळ करतो, आणि अक्षरशत्रु रखवालदार सर्वांच्या पुढें निघून जातो. आमच्या भाषेंतही रानांचें आणि शिकारींचें लेखन होत असतें. तें करणारांनीं खुराच्या ठशाइतकेंच पडक्या चौथऱ्याकडेही पाहिलें, आणि ज्याच्या बोटाला धरून आपण रानांत गेलों त्या वाटाड्याचें नांव व त्याची विद्या पानावर येऊं दिली, तर त्यांचें लेखन हौसेच्या पलीकडे जाऊन वाङ्मयाच्या पदवीला पोंचेल.